कर्जाच्या करारावर सही होण्याआधी लोकसंघटनांना स्थान हवे का?

चर्चाप्रस्ताव

जागतिक बँकेने नर्मदेवरील सरदार सरोवर धरणासाठी ४५ कोटी डॉलरच्या कर्जाचा करार १९८५ मध्ये केला, तेव्हा केंद्राची पर्यावरणविषयक मंजुरीसुद्धा मिळालेली नव्हती. ती दोन वर्षांनी, तीही सशर्त, आली. महाराष्ट्रातील ३३ गावे बुडिताच्या छायेत होती, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. नर्मदा बचाव आंदोलनाने रेटा लावल्यावर बँकेने १९९१ मध्ये ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. चालू परिस्थितीत सर्व बाधितांचे पुनर्वसन शक्य नाही, असा निष्कर्ष तिने पुढल्या वर्षी काढला. हे सारे सहीआधी कळू शकले असते. म्हणून लोकसंघटनांचा सहभाग ही कराराची पूर्वअट असावी, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद

मी असहमत आहे. कोणत्या संघटनेला बोलावणार? गुजरातेत आर्च वाहिनी या स्वयंसेवी संस्थेने बाधितांसाठीच लढा दिला, आणि भूमिहीनांना व सज्ञान मुलांनाही प्रत्येकी दोन हेक्टर जमीन देण्याचे धोरण राज्याने १९८७ मध्ये स्वीकारल्यावर धरणाला पाठिंबा दिला. नर्मदा बचाव आंदोलनाची भूमिका नेमकी उलट होती. शिवाय मार्च १९९३ मध्ये भारताने उर्वरित कर्ज नाकारले, तेव्हा बँकेबरोबर पुनर्वसनासाठीचा तिचा दबावही गेला. धरण मात्र बांधले गेलेच. या धरणाच्या पाण्याची वाट पाहणाऱ्या कच्छ-सौराष्ट्रातील तहानलेल्या गावांच्या वतीने सहीआधीच्या बैठकीत कोण बोलणार होते, हेही सांगावे.

उपप्रतिसाद

कच्छचा प्रश्न रास्त आहे. त्या गावांनाही स्थान हवेच. पण आर्च वाहिनीचे उदाहरण माझीच बाजू भक्कम करते, कारण ते उदार धोरण करारानंतर दोन वर्षे भांडून मिळाले आणि तेही गुजरातपुरतेच. संघटनांत मतभेद असतात म्हणून सगळ्यांनाच दाराबाहेर ठेवायचे, हा न्याय सरकारांना आपण लावत नाही; या प्रकल्पातील राज्ये तर पाण्याच्या वाटपासाठी लवादापुढे भांडली होती. बाधितांच्या तक्रारी तपासण्यासाठी बँकेने १९९३ मध्ये तपासणी मंडळ स्थापले हे खरे, परंतु तेथे बाधितांना जावे लागते ते तक्रारदार म्हणून.

प्रतिसाद

सहीआधी विचारावे, एवढे मी मान्य करतो. मात्र ते संघटनांना नव्हे, ग्रामसभांना. अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल, क्षेत्रात भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरील पंचायतीशी सल्लामसलत करण्याची तरतूद अशा क्षेत्रांतील पंचायतींसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्यात आहेच. ती कर्जाच्या वाटाघाटींपर्यंत मागे न्यावी.