भाड्याने देण्यासाठी वाघोलीत पहिला फ्लॅट घेऊ का?

नाशिकचा_मी:
नमस्कार मंडळी. हाताशी १८ लाख आहेत, बँक ४५ लाखांपर्यंत कर्ज देतेय. पुण्याच्या वाघोलीत ६० लाखांचा टू बीएचके पाहिला. भाडं १८ हजार येईल आणि त्यातून हप्ता फिटत जाईल, असं एजंट म्हणतो. इमारत उभी आहे, भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा सरकारी दाखला) महिन्याभरात येईल म्हणतात. घेऊ का?

कोथरूडकर:
आधी हिशोब मांडा. ४५ लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के म्हणजे हप्ता ३९ हजारांच्या घरात. १८ हजारांत तो कसा फिटणार? वर्षाचं भाडं २ लाख १६ हजार, म्हणजे किमतीच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि घर रिकामं राहील ते महिने वजा करा. शिवाय ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ४ लाख २० हजार आणि नोंदणीचे ३० हजार वेगळे. स्वतःचे १५ लाख घातल्यावर तुमचे १८ लाख इथेच संपतात.

मुग्धा_वाघोली:
दादा, भोगवटा पत्र हातात येईपर्यंत थांबाच. ते येण्याआधी बिल्डरला पैसे दिलेत तर या किमतीवर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ३ लाख. सगळी रक्कम नंतर दिली तर तो लागतच नाही. शिवाय संध्याकाळी साडेसातला जाऊन किती खिडक्यांत दिवे आहेत ते पाहा, आणि गेटवर टँकर दिवसाला किती येतात ते वॉचमनला विचारा. आमच्याकडे उन्हाळ्यात मेंटेनन्सचा मोठा वाटा टँकरच्या पाण्यावरच खर्च होतो. भाडेकरूही पहिला प्रश्न पाण्याचाच विचारतात.

नाशिकचा_मी:
पटलं, थांबतो. ताई, अजून एक. ओळखीतलाच एक मुलगा भाड्याने राहायला तयार आहे. नोटरी करून दिलं तर चालेल ना?

कोथरूडकर:
मुळीच नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर भाडेकरू अटी सांगेल त्याच धरल्या जातात. त्या खोट्या ठरवायचं काम तुमचं. वर शिक्षेची तरतूदही आहे. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार, असेल तर मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याविरुद्ध कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट भाडं मागता येतं. दरमहा १८ हजार धरून ११ महिन्यांच्या एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे जेमतेम ५०० रुपये, शहरी हद्दीत नोंदणीचे १०००. ओळखीचा आहे म्हणून हे वाचवू नका, माझी कळकळीची विनंती आहे. तुम्ही नाशिकला, घर पुण्यात; उद्या वाद झाला तर तारखांना खेपा तुम्हालाच घालायच्या.

मुग्धा_वाघोली:
आणि किल्ली देण्याआधी भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन भरा, सोसायटीला कराराची प्रत द्या. घर स्वतः न वापरता भाड्याने दिलं म्हणून सोसायटी जे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेते, ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त मागितले तर बिलाचा तपशील मागा.