ब्लास्टिंगला कुठलं हेल्मेट घ्यायचं?

भोसरी_फॅब्रिकेशन: भाचा ब्लास्टिंगच्या (हवेच्या जोरावर बारीक कण मारून लोखंडावरचा गंज, जुना रंग उडवायच्या) कामाला लागलाय, तोंडाला रुमाल आणि वरून साधा मास्क लावतो, मालक म्हणतो एवढं पुरे. खरंच पुरे का? नक्की काय घ्यावं लागेल?

पेंटशॉप_दादा: अजिबात पुरे नाही भाऊ! आधी विचारा वाळू मारतात का, कारण वाळूतल्या सिलिकाच्या बारीक धुळीने सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार होतो आणि तो बरा होत नाही, ब्रिटनने १९५० पासूनच ब्लास्टिंगला वाळू बंद केलीय. त्याऐवजी स्टील ग्रिट (पोलादाचे कण) किंवा गार्नेट (एका खनिजाचे कण) वापरायला सांगा, तरी धूळ असतेच, जुना रंग उडवताना त्यात शिसंही असू शकतं. त्यामुळे बाहेरून हवा पुरवणारं, खांद्यापर्यंत झाकणारं ब्लास्ट हेल्मेटच पाहिजे.

सेफ्टीवाली_ताई: हेल्मेटइतकीच त्यातली हवा महत्त्वाची. कॉम्प्रेसर जनरेटरच्या धुराजवळ असेल तर कार्बन मोनॉक्साइड (सीओ) हा विषारी वायू थेट नाकात जातो, म्हणून हवेच्या लाइनला फिल्टर आणि सीओ अलार्म हवाच. लेदरचे लांब ग्लोव्हज, जाड सूट, सेफ्टी शूज, आणि हेल्मेटच्या आत इअरप्लग पण, आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. नोझलला डेडमॅन हँडल आहे का तेही बघा, हात सुटला की मारा बंद झाला पाहिजे.

पेंटशॉप_दादा: आणि सुट्टी झाल्यावर अंगावर हवा मारून कपडे झटकायचे नाहीत, सगळी धूळ परत छातीत जाते. कपडे तिथेच बदलून घरी जाऊ दे त्याला.