मदत हवी आहे : घरी फळे-भाज्या खाणारे मूल मैत्रिणींमध्ये बसले की खात नाही (वय ११)

नमस्कार.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. घरी ती भाज्या आणि फळे विनातक्रार खाते. शाळेच्या डब्यात दिलेल्या फळांच्या फोडी मात्र गेले काही महिने कडा तपकिरी पडून जशाच्या तशा परत येत आहेत. खोदून विचारल्यावर कळले ते असे : मधल्या सुट्टीत तिचा गट एकत्र बसतो, चटपटीत खाऊची पाकिटे फोडून मध्ये ठेवली जातात, सगळ्याजणी त्यातच हात घालतात आणि डबे दप्तरातच राहतात. "कोणी हसले का?" या माझ्या प्रश्नावर "नाही, पण तसले कोणीच आणत नाही," एवढेच उत्तर मिळाले. चिडवाचिडवी असती, तर शिक्षकांशी बोलता आले असते. येथे तक्रार करण्याजोगे कोणी काही केलेलेच नाही, आणि माझी खरी अडचण तीच आहे.

जागतिक आरोग्य संघटना दहा वर्षांपुढील मुलांसाठी दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या सुचवते. दुपारचा वाटा बुडाला की तो संध्याकाळच्या जेवणात भरून काढणे कठीण जाते, म्हणून हा विषय मी सोडून देऊ इच्छित नाही.

या विषयावर थोडे वाचन केले. लीअन बर्च यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, एखादी भाजी कमी आवडणाऱ्या मुलाला तीच भाजी आवडीने निवडणाऱ्या मुलांबरोबर काही दिवस जेवायला बसवले होते. त्याची निवड हळूहळू त्यांच्या बाजूला झुकली, आणि पुढे ती मुले समोर नसतानाही हा बदल दिसला. वाचून आशा वाटली खरी, परंतु ती मुले शाळापूर्व वयाची होती. त्या वयातले मूल शेजाऱ्याचे पाहून खाते. अकराव्या वर्षी मात्र आपण गटात कसे दिसतो याचा हिशेब त्याच्या मनात चालू असतो, असे मला वाटते. (मोठी माणसेही कचेरीत फार वेगळी वागत नाहीत, हे मान्य.) साधारण ९ ते १५ वयोगटावरील एका अभ्यासात मुलांनी अनोळखी सोबत्यापेक्षा मित्राबरोबर असताना जास्त खाल्ले, असे दिसले होते. म्हणजे मैत्रीत हात सैल सुटतो, आणि समोर जे असेल तेच जास्त पोटात जाते.

"पाकिटाला हात लावायचा नाही" असा नियम करण्याची माझी तयारी नाही. बंदी घातलेल्या पदार्थाकडे मुलांचे लक्ष अधिकच लागते, हे प्रयोगांतूनही दिसले आहे; शिवाय गटात एकटीने नकार देत बसण्याचा भार मुलीवर येईल तो वेगळाच. त्यापेक्षा तिच्या एकटीपुरत्या फोडी न देता, सर्वांना पुरतील आणि हात न बरबटता उचलता येतील अशी फळे मोठ्या डब्यात द्यावीत, म्हणजे तीही मध्ये ठेवली जातील, असा विचार आहे. हा प्रयोग कोणी केला आहे का? केला असल्यास इतर मुलींनी हात लावला का, आणि आणणाऱ्या मुलीला अवघडल्यासारखे झाले का, हे जाणून घ्यायला आवडेल. गटात जिचे सगळ्याजणी ऐकतात अशी एक मुलगी आहे. तिच्या आईशी आधी बोलून दोघींनी एकाच दिवशी फळे पाठवावीत, की मुलींना ते लगेच ओळखू येऊन सगळेच फिसकटेल? पालकांच्या समूहात विषय काढायचा झाल्यास, कोणाच्या घरच्या खाण्यावर ठपका येणार नाही अशी मांडणी कशी केलीत?

आणखी एक शंका बक्षिसांविषयी आहे. वेल्समधील बँगर विद्यापीठात तयार झालेल्या 'फूड ड्यूड्स' या शालेय उपक्रमात चित्रफितीतील थोडी मोठी मुले आदर्श म्हणून दाखवतात, पुन्हापुन्हा चव घ्यायला लावतात आणि लहानसहान बक्षिसेही देतात. तुमच्या शाळेत अशा धर्तीवर काही झाले असेल, तर बक्षिसे थांबल्यानंतर काय उरले, हे कृपया आवर्जून लिहावे. उत्तर देताना आपल्या मुलांचे तेव्हाचे वय आणि गट साधारण किती जणांचा होता, एवढे नमूद केल्यास मला ताडून पाहता येईल.