अण्णांना पुन्हा ‘मॅकेनाज गोल्ड’ दाखवायचाय. टीव्ही, प्रोजेक्टर की आणखी काही? (बजेट १५ हजार)

सासवडचा_पेरू (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. वडील पुढच्या महिन्यात ७५ पूर्ण करतायत. शाल, श्रीफळ, केटरर यातलं काही करायचं नाही, असा दम त्यांनी आधीच भरलाय. फार मागे लागलो तेव्हा म्हणाले, “लावायचाच तर तो आपला मेकॅनिकचा पिक्चर लाव.”

अण्णा एसटीत मेकॅनिक होते. पोस्टरवरचं नाव त्यांनी ‘मेकॅनिकाज गोल्ड’ असं वाचलं आणि पुढे तेच चालू ठेवलं. १९८६च्या मे महिन्यात मी आठ वर्षांचा होतो. सासवडहून सकाळच्या गाडीने पुण्यात, आणि अलका टॉकीजला मॅटिनी. अंधारात चपाती आणि शेंगदाण्याची चटणी. तळ्यातला पोहण्याचा सीन आला तेव्हा अण्णांनी हाताने माझे डोळे झाकले. त्यांच्या बोटांचा ग्रीसचा वास कितीही साबण लावला तरी जायचा नाही, त्यामुळे तो सीन मी पाहिला नसला तरी मला वासासकट आठवतो. आणि सूर्य उगवतो, त्या सुळक्याची सावली लांबत लांबत सरकते, तेव्हा अण्णांनी माझा गुडघा असा आवळला होता की वळ उठला.

आता मुद्द्याचं. ओटी १० बाय १२ ची. घरात जुना ३२ इंची टीव्ही आहे. पिक्चरची डीव्हीडी माझ्याकडे आहे. अण्णांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, मोतीबिंदूची ऑपरेशनं दोन्ही डोळ्यांची झालीत. १५ हजारांत काय घेऊ? एकच अट, सबटायटल लावायची नाहीत. कारण विचारू नका.

गच्चीवाला_गणोबा

१५ हजारांत काही येत नाही हो. थोडं ताणा. मी गेल्या दिवाळीत फोर-के लेझर प्रोजेक्टर घेतला, वर मोटरवाला पडदा. सगळं मिळून पावणेदोन लाखांत बसलं. एकदाच घ्यायचं तर नीट घ्यावं. आमच्या गच्चीवर १२० इंचाचं चित्र पडतं, समोरच्या सोसायटीतले लोक गॅलरीत खुर्च्या टाकून बसतात. आणि सबटायटल लावाच, वयस्कर लोकांना फार सोयीचं पडतं.

जुना_पिटातला

अलका? मॅकेनाज वेस्टएंड टॉकीजला लागायचा. मी स्वतः तिथे तीनदा पाहिलाय.

बारामतीचा_बंडू

गणोबांशी सहमत, प्रोजेक्टरच. पण स्वस्तातला घेऊ नका. मी नऊ हजारांचा मुठीएवढा घेतला. खोक्यावर उजेड हजारो ल्युमेन लिहिलेला. दिवसा लावला तर भिंतीवर काही चालू आहे हे हात लावून बघायची वेळ आली. बेडशीट बांधली, पंखा लावला, तर हिरोचं तोंड वाऱ्यावर. परत द्यायला गेलो तर म्हणे खोकं फाटलंय. खोक्यावरचा आकडा बघू नका, एएनएसआय ल्युमेन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेला उजेड, किती ते विचारा. दुकानदार गप्प झाला की समजा.

रीळबहाद्दर

हा पिक्चर १९६९चा, ७० मिमीच्या पडद्यासाठी काढलेला. दिग्दर्शक जे. ली थॉम्पसन, पटकथा कार्ल फोरमन, हिरो ग्रेगरी पेक. हीच मंडळी १९६१च्या ‘गन्स ऑफ नॅव्हरोन’ला होती आणि खरं सांगायचं तर तो शंभर पटींनी सरस आहे. मॅकेनाज अमेरिकेत आपटला. रशियात आणि आपल्याकडे मात्र तुफान चालला. तेव्हा वडिलांना नॅव्हरोन दाखवा.

तेच बघायचं असेल तर गणित ऐका. चित्र आडवं लांबट आहे, त्यामुळे टीव्हीवर खाली-वर काळे पट्टे येणार. ४३ इंची टीव्हीवर चित्राची उंची जेमतेम १६ इंच आणि तुमच्या ३२ इंचीवर १२. म्हणजे शाळेची फूटपट्टी! प्रोजेक्टरला १०० इंचाच्या चित्रासाठी साधारण तीन मीटर लांबून फेकावं लागतं. १० बाय १२ मध्ये बसेल, पण अण्णांची खुर्ची नेमकी प्रोजेक्टरच्या पुढ्यात येईल. आणि डीव्हीडीत चित्राच्या रेषा ५७६च. १०० इंचावर ताणल्या की सगळं वाळवंट चिखलासारखं दिसतं. जास्त रेषांची ब्लू-रे डिस्क शोधा.

जुना_पिटातला

नॅव्हरोन सरस हे मान्य. पण नॅव्हरोनही वेस्टएंडलाच.

फिनिक्सहून_फडके

नमस्कार, मी गेली १९ वर्षं अ‍ॅरिझोनात आहे. ज्या सुळक्याच्या सावलीची एवढी चर्चा चाललीय तो खरा आहे. स्पायडर रॉक म्हणतात त्याला, सुमारे ८०० फूट उंच. जागेचं नाव लिहिताना कॅन्यन डी चेली, म्हणताना ‘डी शे’. आम्ही चारदा जाऊन आलो. दक्षिणेकडच्या रस्त्याच्या अगदी टोकाला गाडी लावायची, थोडं चालायचं, की समोरच. खाली दरीत उतरायचं तर नावाहो (तिथले मूळ रहिवासी) वाटाड्या बरोबर लागतो, त्यांची घरं-शेतं आहेत तिथे. अण्णांना घेऊनच या इकडे, पिक्चर काय बघता!

जाता जाता सांगतो, पिक्चरमध्ये सावली जशी मैलोनमैल पळत जाते तसं काही प्रत्यक्षात होत नाही. मुलांना पहाटे साडेचारला उठवून नेलं होतं, अजून बोलून दाखवतात.

बारामतीचा_बंडू

फडकेसाहेब, बजेट १५ हजार आहे. त्यात मुंबईपर्यंतची टॅक्सी होईल आणि परतीचा वडापाव.

कानगोष्टी

मी श्रवणतज्ज्ञ आहे. पडद्याचं नंतर बघा, आधी अण्णांचे कान कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून तपासून घ्या. ‘डाव्या कानाने कमी’ म्हणून येणाऱ्या आजोबांपैकी कितीतरी जणांच्या कानात नुसता मळ घट्ट बसलेला असतो. काडी, तेल, मेणबत्तीचे प्रयोग घरी करू नका.

मळ नसेल आणि वयामुळे असेल तर आधी बारीक, उंच आवाज जातात. स, श, फ, थ ऐकू येत नाहीत. म्हणून ही माणसं म्हणतात, “आवाज येतोय, पण काय बोलतायत ते कळत नाही.” अशा वेळी टीव्हीचा आवाज वाढवला की घोडे आणि बंदुका वाढतात, संवाद तिथेच राहतात. संवाद पुढे आणणारी सोय असलेला साधा साउंडबार (टीव्हीपुढे ठेवायचा लांबट स्पीकर) बरा. हेडफोन द्यायचा तर वायरचा द्या, ब्लूटूथला कधीकधी ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. बाकी, सबटायटलने खूप मदत होते.

चिंच_गूळ

कानगोष्टी ताईंना +१. आधी कान तपासा. आणि सबटायटल का नकोत ते कळलं नाही.

सासवडचा_पेरू

सगळ्यांचे आभार. फडकेसाहेब, अण्णांचा पासपोर्ट नाही, आणि सावली पळत नाही हे मी त्यांना सांगणारही नाही.

सबटायटलचं सांगूनच टाकतो. टॉकीजमध्ये अण्णा मला कानात मराठीत सगळा पिक्चर सांगत होते. ओमर शरीफ हा मॅकेनाचा चुलत भाऊ. आज्याने ठेवलेल्या जमिनीवरून दोघांचं फाटलेलं. म्हातारा अपाची (तिथला मूळ रहिवासी) मरताना जो नकाशा देतो तो सातबारा. मॅकेना तो चाळून जाळून टाकतो, म्हणजे आता जमीन कुठे आहे ते एकट्यालाच ठाऊक, म्हणून चुलतभाऊ त्याला धरून नेतो. टकला सार्जंट हा फितूर तलाठी, आपलीच माणसं मारून वाटा मागायला आलेला. मी शाळेत सगळ्यांना हीच गोष्ट सांगितली. आमच्या वर्गाच्या हिशेबी हा पिक्चर भाऊबंदकीचा होता.

नोकरीला लागल्यावर एका चॅनलवर खाली अक्षरांसकट पाहिला, तेव्हा कळलं की भाऊबिऊ कुणी कुणाचं नाही. एक मार्शल, एक दरोडेखोर, एवढंच. अण्णा सातवी शिकलेले, इंग्रजीचा गंध नाही. पण पोराने विचारलं आणि ‘मला कळत नाही’ म्हणायचं, हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. पुढच्या-मागच्या रांगेतलीही दोन माणसं त्यांचं ऐकत होती, हे मला पक्कं आठवतंय. आता खाली अक्षरं आली की माझी नऊ वर्षांची मुलगी ती मोठ्याने वाचणार. म्हणून नकोत.

रीळबहाद्दर

शेवट तरी बरोबर सांगितला होता का?

सासवडचा_पेरू

शेवट चोख. भूकंपातून तिघं वाचतात, सोनं सगळं गाडलं जातं, आणि मॅकेना ज्या घोड्यावर बसून निघतो तो त्या सार्जंटचा, खोगिराच्या थैल्या सोन्याने ठासलेल्या. त्याला पत्ताच नाही. अण्णा म्हणाले होते, “बघ, घोड्याला माहितीय.”

माऊची_आई

नऊ वर्षांच्या मुलीला हा पिक्चर? त्या तळ्याच्या सीनचं काय करणार आहात? शिवाय अपाची लोकांना ज्या पद्धतीने दाखवलंय ते आजच्या मुलांपुढे ठेवावं का, यावर कुणीच बोलत नाहीये. नुसते इंच मोजताय.

गच्चीवाला_गणोबा

ताई, आम्हीही बघूनच मोठे झालो.

माऊची_आई

म्हणूनच विचारतेय.

निवृत्त_हेडक्लार्क

स्वानुभव सांगतो. आम्ही वडिलांसाठी ५५ इंची टीव्ही घेतला, रात्री जेवण झाल्यावर हौसेने त्यांच्या आवडीचा पिक्चर लावला. वीस मिनिटांत घोरायला लागले. टीव्हीचे हप्ते अजून चालू आहेत. तेव्हा वेळ सकाळी अकराची ठेवा, जेवणाआधी. मध्ये एकदा उठायला मध्यंतर द्या. १२८ मिनिटं या वयात सलग बसवत नाही, प्रोस्टेट ही काही गंमत नाही.

जुना_पिटातला

घरी डायरी सापडली. वेस्टएंडला मी पाहिला तो नॅव्हरोन होता. मॅकेनाजची नोंद नाही. पण म्हणून अलकाच असेल असं सिद्ध होत नाही.

बारामतीचा_बंडू

पेरूशेठ, मग ठरलं काय? साउंडबार की प्रोजेक्टर? सेकंडहँड बघताय का?

सासवडचा_पेरू

कालच झाला कार्यक्रम. तुमच्यापैकी बहुतेकांचं ऐकलं नाही, आधीच माफी मागतो.

कान तपासले. कानगोष्टी ताई, तुमचे पाय धरायला हवेत. डाव्या कानातून जे निघालं त्याचं वर्णन इथे करत नाही. डॉक्टरची फी ६०० रुपये. घरी येताना अण्णा म्हणाले, “ही रिक्षा फार आवाज करते.”

प्रोजेक्टर घेतला नाही. साउंडबारही नाही. माळ्यावर जुना डीव्हीडी प्लेअर होता, त्याच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना नव्या टीव्हीला लागायच्याच नाहीत, जुन्याला लागतात. म्हणून जुना ३२ इंचीच ठेवला. पण प्लेअरचा ट्रे बाहेर येईना. आतून नुसता घुर्र आवाज. मी दुकानात टाकायला निघालो तर अण्णांनी चार स्क्रू काढून झाकण उघडलं. आत बांगडीएवढा नाही, अंगठीएवढा रबरी पट्टा, सैल पडलेला. तो त्यांनी चिमट्याने काढला, चहाच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकला, पुसून परत बसवला. ट्रे सटकन बाहेर. “उकळलं की आकसतं. महिनाभर टिकेल, आपल्याला दोनच तास पाहिजे,” म्हणाले. पातेल्यावरून आईने जो आवाज काढला तो तर त्यांना उजव्या-डाव्या दोन्ही कानांनी ऐकू आला.

वेळ अकराची, हेडक्लार्कसाहेबांच्या सल्ल्याने. टीव्ही स्टुलावर, अण्णांची खुर्ची चार फुटांवर, मुलगी मधे. खिडक्यांना सतरंज्या. चपाती आणि शेंगदाण्याची चटणी आईने न सांगता केली होती.

गिधाड उडायला लागलं आणि पाचव्या मिनिटाला अण्णा मुलीच्या कानाशी वाकले. “तो मिशीवाला आहे ना, तो ह्याचा चुलत भाऊ.” मी टीव्हीकडे बघत राहिलो. सातबारा झाला. तलाठी आला. तळ्याचा सीन यायच्या जरा आधी अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, “चहा टाक.” मी ४७ वर्षांचा आहे. उठलो, टाकला. माऊची आई, मुलीचे डोळे त्यांनी झाकले होते. हाताला आता नुसता बामचा वास येतो.

सावलीच्या वेळी त्यांनी कुणाचा गुडघा धरला ते मला स्वयंपाकघराच्या दारातून दिसलं नाही, पण मुलगी “आऽ आजोबा!” असं ओरडली.

ती इंग्रजी माध्यमाची. मध्यंतरानंतर तिने धरलंच त्यांना. “आजोबा, तो कझिन असं कुठे म्हणाला? मी नीट ऐकलंय.”

अण्णा पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, “मनात म्हणाला.”

कानगोष्टी

सहा महिन्यांनी परत दाखवून आणा. मळ पुन्हा धरतो.

फिनिक्सहून_फडके

पट्टा उकळायची आयडिया भारी. आमच्याकडे असलं बिघडलेलं सरळ फेकतात.

गच्चीवाला_गणोबा

सोसायटीने गच्चीवरच्या आवाजाबद्दल नोटीस लावली आहे. फोर-के लेझर प्रोजेक्टर, मोटरच्या पडद्यासह, एकदम नव्यासारखा, विकणे आहे. बजेट सांगा, थोडं मागेपुढे करू.