अमृतसर–आनंदपूर साहिब : पाच दिवसांत काय पाहावे, काय सोडावे?

केतकीवन :
नमस्कार. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आईवडिलांना घेऊन नांदेडहून सचखंड एक्सप्रेसने अमृतसरला जात आहे. गुरू गोविंदसिंगांचे देहावसान १७०८ मध्ये ज्या गावी झाले, त्या नांदेडातच बाबांचे आयुष्य गेले. त्यामुळे १६९९ च्या बैसाखीला जिथे खालसा पंथाची स्थापना झाली, ते आनंदपूर साहिब त्यांना पाहायचेच आहे. आईचे गुडघे दुखतात. गोइंदवाल, तरनतारन, फतेहगढ साहिब आणि वाघा सीमा हे सारे पाच दिवसांत बसेल का?

दीपमाळ :
बसेल, पण निम्मा वेळ गाडीतच जाईल. माझ्या मते वाघा सोडावे आणि अमृतसरला दोन रात्री द्याव्यात. हरिमंदिर साहिब, म्हणजे सुवर्णमंदिर, दिवसा सगळेच पाहतात. रात्री गुरू ग्रंथ साहिब पालखीतून अकाल तख्त या शिखांच्या धर्मपीठात विश्रांतीसाठी नेतात, तो सोहळा चुकवू नये. वारीत पादुकांची पालखी पाहिलेल्या आपल्या डोळ्यांना ग्रंथाची पालखी पाहताना काहीतरी ओळखीचे वाटते. परिक्रमेत मोजेही काढावे लागतात आणि डिसेंबरात संगमरवर अक्षरशः बर्फासारखा लागतो, म्हणून आईंना अंथरलेल्या पट्ट्यांवरूनच चालू द्यावे. जालियनवाला बाग तेथून चालत काही मिनिटांवर आहे.

गोइंदवालला गुरू अमरदासांनी बांधवलेल्या बावलीला, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीला, ८४ पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर जपजी साहिब या प्रार्थनेचा पाठ करण्याची प्रथा असली, तरी आईंनी वरूनच दर्शन घेतलेले बरे. तरनतारनचे विस्तीर्ण सरोवर त्याच वाटेवर पाहून होते.

रानवाट :
तारखा पुन्हा तपासा. गुरू गोविंदसिंगांच्या धाकट्या दोन पुत्रांना, जोरावरसिंग आणि फतेहसिंग यांना, सरहिंदला, म्हणजे आजच्या फतेहगढ साहिबच्या परिसरात, भिंतीत चिणण्यात आले. त्यांच्या स्मरणार्थ फतेहगढ साहिबला डिसेंबरच्या अखेरीस मोठा जोडमेळा भरतो. जागोजागी लंगर असतात, पण तो शोकाचा काळ असल्याने जत्रेचा थाट नसतो. गर्दी मात्र अफाट असते, तेव्हा आई सोबत असताना ते दिवस टाळावेत. आनंदपूरला केशगढ साहिब गुरुद्वाऱ्याबरोबर विरासत-ए-खालसा हे संग्रहालयही पाहा. ते सोमवारी बंद असते.

आणि वाघ्याऐवजी गुरदासपूर जिल्ह्यातील घुमानला जा. संत नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत आणि त्यांचे उत्तरायुष्य याच गावात गेले, असे तेथे मानतात. २०१५ चे ८८ वे मराठी साहित्य संमेलन तेथेच भरले होते.

केतकीवन :
दोघांचेही आभार. वाघा रद्द केले आणि फतेहगढ पुढच्या खेपेवर ठेवले. घुमानचे नाव ऐकताच बाबांनी कपाटातून नामदेवांची गाथा काढून पिशवीत भरली आहे.