फिरती पाळी आणि ७५ टक्के हजेरी : नियमित बी.कॉम. सोडून दूरशिक्षणाकडे वळावे का?

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका महाविद्यालयात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि गेल्या जूनपासून शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीच्या स्टोअरमध्ये, ठेकेदारामार्फत, काम करतो. मालाची आवक-जावक नोंदवणे आणि चलने तयार करणे हे माझे काम असून, खरे सांगायचे तर साठ्याच्या हिशेबाची जी समज मला तेथे आली ती वर्गात आली नव्हती. घरच्या दोन म्हशींच्या दुधावर चूल पेटते, पण धाकट्या बहिणीची फी भागत नाही. म्हणून नोकरी सोडण्याचा सल्ला कृपया देऊ नये.

अडचण पाळ्यांची आहे. महाविद्यालय सकाळी साडेसात ते साडेअकरा असते आणि आमची पाळी दर आठवड्याला बदलते. दुपारी तीनची दुसरी पाळी असते तेव्हा काहीच अडत नाही. तिसऱ्या पाळीत सकाळी सातला सुटून, तावडे हॉटेलच्या चौकात वाहतूक तुंबली नसेल तर, मी कसाबसा पहिल्या तासाला पोहोचतो. हजेरी लागते, डोक्यात मात्र फारसे काही शिरत नाही. पहिल्या पाळीच्या आठवड्यात, सात ते तीन, सुट्टीचा सोमवार सोडला तर महाविद्यालय पूर्णपणे बुडते. तीन आठवड्यांतला एक असा गेल्यावर, बाकीचा एकही तास चुकवला नाही तरी हजेरी सुमारे ७२ टक्क्यांच्या वर जात नाही, आणि आमच्याकडे अट ७५ टक्क्यांची आहे. त्यात कारखान्याची सुट्टी सोमवारी आणि महाविद्यालयाची रविवारी, त्यामुळे सलग बसून अभ्यास करावा असा एकही दिवस हाती लागत नाही.

दर दोन पहिल्या पाळ्यांपैकी एक जरी बदलून मिळाली, तरी हजेरी ८६ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. माझ्याबरोबरचे एक काका अदलाबदलीला तयार आहेत, कारण पहिली पाळी करून आल्यावर त्यांना दुपारनंतर उसाकडे बघता येते. परंतु सुपरवायझर लेखी अर्ज मागत आहेत, आणि ठेकेदाराच्या माणसाने असा अर्ज दिला की पुढच्या महिन्यात त्याचे नाव यादीत नसते, असा आमच्याकडचा अनुभव आहे.

दुसरा मार्ग दूरशिक्षणाचा. शिवाजी विद्यापीठाचे दूरशिक्षण केंद्र आहे आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठही आहे. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते, हे मला ठाऊक आहे. तरीही ती ‘बाहेरून केलेली’ म्हणून घरी नाके मुरडली जातात, त्याला माझा इलाज नाही. माझी खरी चिंता पहिल्या वर्षाच्या क्रेडिट्सची, म्हणजे पूर्ण केलेले विषय तिकडे धरले जातील की नाही याची आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’चाही विचार केला, पण त्यातून फार तर माझा खर्च निघेल, बहिणीचा नाही.

म्हणून दोनच गोष्टी विचारतो. ठेकेदाराकडे असताना पाळी बदलून घेण्याचा अर्ज कोणी दिला असल्यास तो कोणत्या शब्दांत दिला, आणि महाविद्यालयाचे पत्र सोबत जोडल्याने फायदा झाला की उलट डोळ्यांत खुपलात? तसेच, नियमित बी.कॉम.चे एक वर्ष पूर्ण करून दूरशिक्षणात गेलेल्या कोणाला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला का, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली? पुढच्या मंगळवारपासून माझी पहिली पाळी आहे, त्यामुळे अर्जाविषयी त्याआधी कळले तर बरे होईल.