मदत हवी आहे : एचडी ६५० चे पॅड बदलल्यावर गाण्यातला गळाच मागे गेला

नमस्कार मंडळी,

प्रश्न सेनहायझर एचडी ६५० या हेडफोनबद्दल आहे. जरा लांबण लागेल, कारण आधी तो कसा वाजायचा आणि आता कसा वाजतो हे नीट सांगितल्याशिवाय कुणाला सल्ला देता येणार नाही.

मी वेंगुर्ल्याच्या बाजूला राहते, घरातून समुद्राची गाज ऐकू येते इतक्या जवळ. पुण्यात नोकरी होती तेव्हा हा हेडफोन घेतला आणि गावी परतताना तो बरोबर आला. ऐकते ते जवळपास सगळं ख्यालगायन. किशोरीताई, मल्लिकार्जुन मन्सूर, आकाशवाणीची जुनी ध्वनिमुद्रणं, आणि घरगुती बैठकांच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेलं बरंच काही.

एचडी ६५० हा २००३ चा, त्याच्या आधीचा एचडी ६०० १९९७ चा. दोन्हींचा विद्युत रोध ३०० ओम, दोन्हींची पाठ उघडी जाळीची. ६५० वर वर्षानुवर्षं एक आक्षेप घेतला जातो, की त्याच्या आवाजावर पडदा आहे, वरची बाजू झाकलेली आहे. मला हे कधीच पटलं नाही. जुन्या टेपची खरखर तो पुढे ढकलत नाही एवढाच त्याचा अर्थ, आणि माझ्या संग्रहासाठी तो मोठा गुण आहे. खालच्या बाजूला अगदी खोल आवाज त्याच्यात कमी पडतो हेही खरं. पण गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झ, म्हणजे तानपुऱ्याचा खर्ज ६९ च्या आसपास. तिथपर्यंत हा हेडफोन भरभरून वाजतो. त्याच्याखाली ख्यालात शोधण्यासारखं फारसं काही नसतं.

मला त्यात सगळ्यात प्रिय आहे तो मधला भाग. आलापात आवाज एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकतो तेव्हा नुसता स्वर बदलत नाही, गळ्याचा आकारही बदलतो. 'आ' थोडा मिटतो, छातीतला आवाज किंचित वर चढतो. हे एचडी ६५० इतकं स्पष्ट दाखवतो की मी ऐकता ऐकता स्वतः गुणगुणू लागते. तानपुरा मागे पसरलेला, स्वरमंडलाच्या तारा बाजूला, आणि मध्ये माणूस.

आता अडचण. गेल्या पावसाळ्यात मूळच्या मखमली पॅडवर, म्हणजे कानाभोवती बसणाऱ्या कड्यांवर, बुरशी धरली. पांढरट ठिपके आले आणि असा वास सुटला की आई म्हणाली, "काय ता कानाक लावतंस, कुबट वास येता त्येका." मग ऑनलाइन दुसऱ्या कुठल्यातरी बनावटीचे चामड्यासारखे पॅड मागवले. पुसता येतात, दमट हवेत टिकतील, हा विचार. बसले अगदी बरोबर, कानालाही मऊ आहेत.

पण आवाज बदलला. खर्ज फुगलाय, तानपुरा गायकाच्या अंगावर येतो. 'स' आणि 'श' कानाला बोचतात. आणि ज्यासाठी हा हेडफोन घेतला तो मधला गळा आत ओढल्यासारखा, पोकळ. तबल्यात चाटीचा 'ना' टोकदार झाला आणि डग्गा ढब्ब. फाइल त्याच, फोनला लावायचा छोटा डॅक (डिजिटल फाइलचा आवाजात बदल करणारं यंत्र) तोच. दुसऱ्या साध्या इअरफोनवर त्याच फाइल पूर्वीसारख्याच वाजतात, म्हणजे फाइल बिघडलेल्या नाहीत आणि माझे कानही.

विचारायचं हे, की दोष नक्की पॅडचाच का? की खारट हवेने आतले ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे छोटे स्पीकर, बिघडत चाललेत? घरी एक व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांवर चालणारा) अँप्लिफायर, म्हणजे अँपही आहे, त्यावर खर्ज आणखीच फुगतो, म्हणून जास्तच घाबरले आहे. हा आवाज मला परत हवा आहे, दुसरा हेडफोन सुचवू नका, ही विनंती.

प्रतिसाद १

जुने पॅड फेकून दिलेत की आहेत?

धागाकर्ती

आहेत. पिशवीत बांधून माळ्यावर ठेवलेत. दबलेले आहेत, पण फाटलेले नाहीत.

प्रतिसाद २

मग घाबरू नका. तुम्ही केलेलं वर्णन वाचूनच सांगतो, पॅड.

हेडफोनचा पॅड ही गादी नाही, तो वाद्याचा भाग आहे. तुम्ही गाण्यातल्या आहात म्हणून सांगतो, तानपुऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा केसभर सरकवला की सगळा झंकार बदलतो, तार मात्र तीच असते. पॅडचं तसं आहे. मूळचं मखमली कापड हवा थोडी आरपार जाऊ देतं आणि आतल्या बाजूला उंच स्वर शोषून घेतं. चामड्यासारखा पॅड हवा अडवतो. कानाभोवती बंदिस्त पोकळी तयार होते, खालचे स्वर त्यात साठतात, आणि गुळगुळीत भिंतींवरून उंच आवाज उलटून कानात येतो. दोन्ही टोकं वर गेली की मधलं आपोआप खाली गेल्यासारखं वाटतं. तुमचा गळा कुठे गेलेला नाही, त्याच्या दोन्ही बाजूंना गर्दी झाली आहे.

भर म्हणजे पॅडची जाडी. ड्रायव्हर कानापासून किती लांब आणि कोणत्या कोनात आहे यावर ६ ते ८ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात मोठे फरक पडतात, आणि 'स'चा बोचरेपणा तिथेच राहतो.

करून पाहा. मखमली पॅड कोमट पाणी आणि सौम्य साबणाने हलक्या हाताने धुवा, पिळू नका, दोन टॉवेलांत दाबून पाणी काढा. पंख्याखाली आतला फोम पूर्ण कोरडा होऊ द्या, नुसतं वरचं कापड वाळून उपयोग नाही. मग तेच दबलेले पॅड लावून एखादा विलंबित ख्याल ऐका. दबलेल्या पॅडमुळे ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो, त्यामुळे मूळचा आवाज शंभर टक्के मिळणार नाही. पण गळा पुढे आला की निदान पक्कं.

एक मात्र विसरू नका. पॅड काढल्यावर ड्रायव्हरवर फोमची एक पातळ चकती दिसेल. ती वर्षांनी चिकट होते, बोट लावलं की भुगा पडतो. पॅड बदलताना बरेच जण ती तिथे ठेवायलाच विसरतात. ती नसेल तर वरचा आवाज नक्कीच बदलणार.

प्रतिसाद ३

अँपबद्दल. व्हॉल्व्हचा अँप आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या पद्धतीचा असेल तर त्याचा स्वतःचा आउटपुट रोध बराच असतो. एचडी ६५० नावाला ३०० ओम, पण ८०-१०० हर्ट्झच्या आसपास त्याचा रोध ५०० च्या घरात जातो. समजा अँपचा रोध १२० ओम आहे. मग ३०० ओमवर सिग्नलचा साधारण ७१ टक्के भाग हेडफोनला मिळतो आणि ५०० ओमवर ८१ टक्के. फरक जेमतेम एक डेसिबलचा. खर्जात गोडवा येतो एवढंच. पॅडने आधीच फुगवलेल्या खर्जावर हा एक डेसिबल चढला म्हणून तुम्हाला तो जास्त वाटला. अँप ठीक आहे, फोनचा डॅकही ठीक आहे, त्याचा रोध नगण्य असतो.

खारट हवेबद्दल म्हणाल तर मला ड्रायव्हरपेक्षा केबलची काळजी वाटते. दोन्ही कपांत केबलच्या दोन-दोन पिना जातात. किनाऱ्यावर त्यांच्यावर थर चढतो, मग एका कानात आवाज कमी होतो किंवा केबल हलवली की खरखरतो. केबल काढून पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तुमच्याकडे आवाज दोन्ही बाजूंनी सारखा बदलला आहे ना? मग ड्रायव्हर गेलेले नाहीत. ते असे जोडीने, एकाच दिवशी, पॅडबरोबर बिघडत नाहीत.

प्रतिसाद ४

जाता जाता. तुलना पाऊस थांबला असताना करा. उघड्या पाठीचा हेडफोन बाहेरचं काहीच अडवत नाही. कौलांवर सरी पडत असतील तर तानपुऱ्याचे वरचे स्वर त्यात बुडतात, आपण आवाज वाढवतो, आणि आवाज वाढवला की माणसाच्या कानाला खर्ज प्रमाणापेक्षा जास्त ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं आहे. म्हणून दोन्ही पॅडना आवाजाची पातळी तीच ठेवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलं तसं केलं. पॅड धुऊन वाळवले. मध्ये एकदा वरून कोरडे वाटले तरी दाबल्यावर ओल लागली, म्हणून परत पंख्याखाली ठेवले. फोमची चकती जागेवर आहे आणि धड आहे. पिना थोड्या हिरवट होत्या, पुसल्या.

पहाटे, पाऊस नसताना, मन्सूरांचं ध्वनिमुद्रण लावलं. पहिल्याच षड्जाला कळलं. आवाज परत छातीतून येतोय. 'स' सौम्य झाला, तानपुरा मागे जाऊन बसला. फक्त सगळं पूर्वीपेक्षा थोडं जवळ आणि अरुंद वाटतं, ते दबलेल्या पॅडमुळे असावं. नवे मूळ बनावटीचे मखमली पॅड मागवते आहे. चामड्यासारखे काढून ठेवले.

आता एकच विचारते. नवे पॅड पुढच्या आषाढ-श्रावणात बुरशीपासून वाचवायचे कसे? पिशवीत बांधून ठेवावेत का?

प्रतिसाद ५

पिशवीत अजिबात नको. घामाची ओल आत कोंडते आणि बुरशी तिथेच धरते. मी मालवणात आहे, इथली हवा तुमच्यासारखीच.

ऐकून झाल्यावर हेडफोन लगेच डब्यात घालू नका, अर्धा तास पंख्याखाली मोकळा ठेवा. मग घट्ट झाकणाच्या मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. रंग बदलणारं जेल घ्या. निळं गुलाबी झालं की त्याने पाणी धरलं असं समजायचं, तव्यावर मंद आचेवर परतून परत निळं करता येतं. हे करताना खिडकी उघडी ठेवा, आणि ते जेल व तो तवा स्वयंपाकापासून वेगळे ठेवा. डब्यात छोटा आर्द्रतामापक टाका. पावसाळ्यात आपल्याकडे बाहेर ८५-९० टक्के दाखवतो, डब्यात ५० च्या आसपास राहिला पाहिजे. त्याहून फार कोरडं करू नका.

लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडे लेन्ससाठी विजेवर चालणारी ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट, असते. ओळखीचा कुणी असेल तर पावसाळ्यापुरती त्यात जागा मागून पाहा, माझा हेडफोन तिथेच असतो. केस ओले असताना मात्र मखमली पॅड लावू नका, आणि जुने पॅडही टाकू नका. नवे आल्यावर दोन्ही जोड्या आलटून पालटून वापरा, म्हणजे एक जोडी कायम कोरडी राहते.